बाबांचे चार शब्द

सलग तीन दिवसांची सुट्टी आली की दादाला सगळ्यांना एकत्र जमवायची हुक्की येते. पस्तीस वर्षं त्यानं परीक्षांची वेळापत्रकं बनवली. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, तरी चार माणसं दिसली की त्यांना रांगेत बसवल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. या वेळी त्यानं शहरापासून दोन तासांवरचा एक बंगला भाड्यानं घेतला आणि आठवडाभर आधी सगळ्यांच्या फोनवर कार्यक्रम पाठवून दिला. शुक्रवारी दुपारी चारपर्यंत आगमन. शनिवारी जेवणानंतर विश्रांती, पावणेदोन ते साडेतीन. रविवारी सकाळी दहाला सगळ्यांचा फोटो, सव्वादहाला 'बाबांचे चार शब्द'.

मधलीनं तो कार्यक्रम कामावर असताना वाचला आणि फोन पालथा घातला. वर दादा, खाली धाकटी, म्हणून तिला लहानपणापासून सगळे मधलीच म्हणत. आता चोपन्नाव्या वर्षीही त्यात बदल नव्हता. दातांच्या डॉक्टरांसाठी ती कवळ्या बनवायची. एका छोट्या गाळ्यात खिडकीपाशी तिचं टेबल होतं, त्यावर प्लास्टरचे जबडे ओळीनं मांडलेले असायचे. तिचा नवरा बस चालवायचा. लोकांची सुट्टी म्हणजे त्याची दुप्पट ड्यूटी, त्यामुळे असल्या जमवाजमवीतून तो कायमचा सुटला होता. बाबांना गाडीतून नेणं आणि आणणं तिच्या एकटीच्या गळ्यात पडलं.

'चार शब्द' कसले, ते तिला ठाऊक होतं. चार महिन्यांपूर्वी बाबा न्हाणीघरात पाय घसरून पडले होते. आई गेल्यापासून ते एकटेच राहायचे. सहा तास ओल्या फरशीवर पडून होते. शेवटी दादानंच कुलूपवाला बोलावून दार उघडलं. हाड मोडलं नाही, पण तेव्हापासून दादानं मनाशी पक्कं केलं होतं: बाबांनी आपलं घर सोडायचं आणि तिन्ही मुलांकडे चार-चार महिने राहायचं. त्यानं दोघी बहिणींना तसे फोन केले. धाकटी म्हणाली, तू ठरवशील तसं. मधलीच्या हातात तेव्हा कुणाचा तरी मेणाचा जबडा होता. ती म्हणाली, "बघू." दादानं ते 'हो' असं लिहून घेतलं. आता बाबांनी ते सगळ्यांसमोर आपल्या तोंडानं जाहीर केलं की विषय संपला, असा त्याचा हिशेब होता. बाबांनी काय बोलायचं, तेसुद्धा त्यानं एका कागदावर लिहून आणलं होतं.

बाबा त्र्याऐंशी वर्षांचे. आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त केल्या. अजूनही लिफ्टमध्ये शिरले की डोळे मिटून ऐकायचे आणि वर पोचेपर्यंत आत काय झिजलंय ते सांगायचे. शुक्रवारी गाडीत मात्र ते दोन तास गप्प बसून होते. मधलीनं दोनदा विचारलं, बरं वाटतंय ना? ते म्हणाले, हो, रस्त्याकडे बघ.

बंगल्यावर पोचल्या पोचल्या दादा आणि धाकटीची जुंपलेली दिसली. दादानं प्रत्येक खोलीच्या दारावर नावाची चिठ्ठी चिकटवली होती आणि धाकटीनं आपली चिठ्ठी काढून मोठ्या खोलीवर लावली होती. ती दूरच्या शहरात एका हॉटेलच्या स्वागतकक्षात काम करायची, दिवसभर उभी असायची, आणि विमानप्रवासानं तिची पाठ धरली होती. दादाचं म्हणणं, पाठ सगळ्यांनाच असते. दादाची मुलगी आपल्या दोन वर्षांच्या छकुलीला घेऊन आली होती. तिनं सांगितलं की पोरगी रडली तर शेजारच्या खोलीला त्रास होईल, म्हणून तिला कोपऱ्यातली खोली हवी. कोपऱ्यातली खोली बाबांची होती. वहिनींनी, म्हणजे दादाच्या बायकोनं, शेवटी सगळ्या चिठ्ठ्या काढून टाकल्या आणि आपल्या मनानं खोल्या वाटल्या. त्या मोठ्या दवाखान्यात मुख्य नर्स होत्या, त्यांच्यापुढे दादाही बोलत नसे. या सगळ्या अदलाबदलीत मधलीच्या वाट्याला दिवाणखान्यातला सोफा आला. तो तिच्यापेक्षा वीतभर आखूड होता. कुणी तिला विचारलंही नाही. ती कधी तक्रार करत नाही, असं घरात सगळ्यांचं ठाम मत होतं.

शनिवारी सकाळी बाबा न्याहारीला आले ते गालफडं बसलेली घेऊन. तोंडात दात नव्हते.

कवळी सापडत नाही, असं ते म्हणाले. त्यातला 'स' ओठांतून नुसताच निसटला. रात्री पेल्यात ठेवली होती, सकाळी पेला रिकामा, एवढंच त्यांनी कसंबसं सांगितलं आणि दुधात पाव बुडवून खायला लागले.

दादानं घड्याळाकडे पाहिलं, जणू काही सव्वादहा उद्याचे नसून आत्ताच वाजणार होते. मग त्यानं मधलीकडे पाहिलं.

"ढिली बसवली असशील," तो म्हणाला. "कुठेतरी गळून पडली."

मधलीच्या हातातला चहा तसाच राहिला. ती कवळी तिनं तीन महिन्यांपूर्वी केली होती. बाबांना पाच वेळा डॉक्टरांकडे नेलं, दोनदा ठसा घेतला, मेणावर दात लावून दाखवले. पहिल्या खेपेला बाबा आरशात बघून म्हणाले होते, एवढे सरळ दात माझे कधीच नव्हते, लोक ओळखणार नाहीत. म्हणून तिनं त्यांचा तरुणपणीचा फोटो शोधून काढला आणि उजवीकडचा वरचा सुळा होता तसा किंचित तिरका बसवला. अशी कवळी शिंकेनंसुद्धा हलत नाही. हे सगळं सांगायला तिनं तोंड उघडलं, पण तोवर दादा शोधमोहिमेचे विभाग पाडायला लागला होता.

वहिनींनी हातमोजे चढवले आणि कचऱ्याच्या दोन पिशव्या अंगणात कागदावर उलट्या करून अंड्याच्या टरफलांपासून सगळं निवडून पाहिलं. धाकटीनं पाठ धरून सगळ्या उशांचे अभ्रे उलटे केले. मधलीनं बेसिनखालचा पाइप सोडवला आणि त्यात एक टोपण व दुसऱ्याच कुणाचे केस सापडले. दादा मध्ये उभा राहून बाबांना प्रश्न विचारत होता. शेवटची कधी पाहिली? पेला कुठल्या हाताला होता? बाबा प्रत्येक प्रश्नाला खांदे उडवत होते.

मग कुणाच्या तरी डोक्यात छकुली आली. तिला सकाळी पणजोबांच्या खोलीतून बाहेर येताना धाकटीनं पाहिलं होतं. छकुलीच्या आईनं तिला मांडीवर घेऊन विचारलं, पणजोबांचे दात तू घेतलेस? छकुली म्हणाली, हो. कुठे टाकलेस? हो. बागेत टाकलेस? हो. पाण्यात? हो. तिच्या आईनं दमून सांगितलं की ती सध्या सगळ्यालाच हो म्हणते, तू हत्ती आहेस का विचारलं तरी हो म्हणेल. पण दादाला 'पाण्यात' हा शब्द पुरेसा होता. बंगल्यामागे बागेत एक हौद होता, गुडघाभर खोल, शेवाळलेला.

उन्हं डोक्यावर आलेली. एकसष्ट वर्षांचा दादा पॅन्टचे पाय दुमडून हौदात उतरला आणि बादलीनं पाणी उपसायला लागला. वहिनी म्हणाल्या, अहो, राहू द्या. तो म्हणाला, उद्यापर्यंत दात मिळालेच पाहिजेत. दीड तास तो उपसत होता. मधलीनं आणि भाचीनं बादल्या झाडांना नेऊन ओतल्या. तळाचा चिखल त्यानं हातांनी चाचपला. एक चमचा, एक चेंडू आणि पुष्कळ पानं निघाली. एकदा तो पाय घसरून खाली बसला, छातीपर्यंत काळा झाला, आणि कुणाकडेही न बघता पुन्हा उठून चाचपायला लागला. बाबा व्हरांड्यातल्या खुर्चीत बसून पाहत होते. थोड्या वेळानं ते उठून आत गेले.

जेवण तीनला झालं, म्हणजे विश्रांतीच्या वेळेत, आणि त्यावरूनही बोलणं झालं. बाबांसाठी बटाटे कुस्करून सूपमध्ये कालवले. त्यांनी दोन चमचे खाल्ले आणि ते बागेत फिरायला गेले.

मधली पुन्हा एकदा बाबांच्या खोलीत गेली. गादीखाली, कपाटामागे सगळं आधीच तीनतीनदा बघून झालं होतं. तिनं नुसता पडदा सरकवला. खिडकीच्या कठड्यावर रुमालाखाली अर्धं खाल्लेलं सफरचंद होतं. आतला गर अजून पुरता लालसरही झाला नव्हता.

तिनं ते उचलून उजेडात धरलं. दुसऱ्या कुणाला ते नुसतं उष्टं सफरचंद वाटलं असतं. पण आपण बसवलेले दात मधली ओळखणार नाही, तर कोण? पुढच्या चार दातांची खूण सरळ, आणि उजवीकडे सुळ्याच्या जागी किंचित तिरका खड्डा. शिवाय नव्या कवळीनं सफरचंद चावायचं नाही, कापून खायचं, हे तिनं त्यांना शंभरदा बजावलं होतं. आधी राग कशाचा करावा, तेच तिला कळेना.

बाबा बागेच्या टोकाला बाकावर बसले होते. ती सफरचंद घेऊन त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. त्यांनी सफरचंदाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. सदऱ्याच्या आतल्या खिशातून त्यांनी डबी काढली, पाठमोरे होऊन दात बसवले आणि वळले.

"कापून खायला सुरी नव्हती," ते म्हणाले.

मधलीचा आवाज चढला. तिनं सांगायला सुरुवात केली: वहिनींनी कचरा निवडला, दादा त्या घाणीत पडला, लहान पोरीवर आळ आला, आणि मला सकाळपासून सगळ्यांसमोर ऐकून घ्यावं लागलं की मला माझं काम येत नाही. तुम्ही तिथे खुर्चीत बसून पाहत होतात.

बाबांनी ते सगळं ऐकून घेतलं.

"तोंडात दात असले की तुम्ही मला बोलायला लावणार," ते म्हणाले. "त्यानं लिहून दिलंय सगळं. 'मी स्वखुशीनं ठरवलं आहे,' असं. स्वखुशीनं. दात नसले तर निदान वाचायला तरी लावणार नाही."

"मग नाही म्हणायचं सरळ."

"तीनदा म्हटलं. तो दर वेळी म्हणाला, बाबा, शांतपणे विचार करा. धाकटीला फोन केला, ती म्हणाली, दादाला विचारा. आणि तू काय म्हणालीस?"

मधलीनं हातातलं सफरचंद उलटं फिरवलं.

"बघू म्हणालीस," बाबा म्हणाले. "ते मला त्यानंच सांगितलं. मधलीसुद्धा तयार आहे म्हणाला."

ती त्यांच्याशेजारी बाकावर बसली. तिला आपला राग आला, पण म्हणून बाबांवरचा कमी झाला नाही. माणसानं एकदा 'बघू' म्हटलं म्हणून त्याला बेसिनखाली डोकं घालायला लावायचं का, असं तिला वाटत होतं. मग ती म्हणाली की आज रात्रीच्या जेवणाला दात घालून या आणि जे काय सांगायचं ते स्वतः सांगा. मी कुणाला काही सांगणार नाही, आणि तुमच्या वतीनं बोलणारही नाही. पण दादा ओरडायला लागला तर उठून जाणार नाही, एवढं कबूल.

बाबा म्हणाले, "आधी जेवू तरी दे. सकाळपासून पोटात काही नाही."

"अर्धं सफरचंद आहे," मधली म्हणाली.

साडेसातला सगळे टेबलाशी बसले. दादानं आंघोळ केली होती, तरी त्याच्या नखांत काळं दिसत होतं. बाबा शेवटी आले, खुर्ची ओढून बसले आणि त्यांनी पावाचा तुकडा मोडून चावायला सुरुवात केली. प्रथम छकुलीच्या लक्षात आलं. तिनं बोट दाखवून 'दात' म्हटलं. मग एकेकाचा घास थांबला.

"कुठे होती?" दादानं विचारलं.

"खिशात."

"दिवसभर?"

"दिवसभर."

धाकटी फिसकन हसली आणि लगेच गप्प झाली. वहिनींनी हातातलं भांडं खाली ठेवलं आणि त्या एवढंच म्हणाल्या की मी आज दुसऱ्यांची उष्टी अंडी निवडली आहेत, बाबा. दादानं आपल्या नखांकडे पाहिलं. मग तो फार हळू आवाजात म्हणाला, "मी हौद उपसला."

"पाहिलं मी," बाबा म्हणाले. "ते चुकलंच माझं. मी तेव्हाच सांगायला हवं होतं. पण आता ऐक. मी माझ्या घरीच राहणार. चार महिने इथे, चार महिने तिथे, दर वेळी पिशवी भरा, दर वेळी नवा संडास शोधा, ते मला जमणार नाही. तुझा कागद मी वाचणार नाही."

दादा उठून उभा राहिला. मधलीला वाटलं, आता ताट आपटणार. पण तो खुर्चीची पाठ धरून नुसता उभा राहिला.

"त्या दिवशी तुम्ही आत कसे पडलात, किती वेळ पडलात, हे सगळ्या जगाला माहीत आहे," तो म्हणाला. "मी बाहेर होतो, त्याचं कुणी काही विचारलं नाही. कुलूपवाला येईपर्यंत चाळीस मिनिटं मी दाराशी उभा होतो. आत तुमचा फोन वाजत होता. मीच लावत होतो. बंद झाला की परत लावायचो. मी मनातल्या मनात सगळं करून मोकळा झालो होतो, बाबा. कुणाला आधी कळवायचं, तेसुद्धा ठरवलं होतं."

हे वहिनींनाही ठाऊक नव्हतं, ते त्यांच्या चेहऱ्यावरून दिसलं. दादा पुढे म्हणाला की तेव्हापासून रोज सकाळी सहाला मी तुम्हाला फोन करतो, आणि तुम्ही उचलेपर्यंत मी तिथेच त्या दाराशी उभा असतो. तुम्ही उचलता आणि म्हणता, काय कटकट आहे सकाळी सकाळी.

बाबांनी चमचा ताटात ठेवला.

"तो फोन मला ऐकू येत होता," ते म्हणाले. "उठता येत नव्हतं, पण ऐकू येत होतं. बंद झाला की वाटायचं, कंटाळला. परत वाजला की बरं वाटायचं."

छकुलीनं टेबलावर पाणी सांडलं आणि तिची आई फडकं आणायला उठली. मधलीनं तेवढ्यात आपलं म्हणणं सांगून टाकलं: ती 'बघू' म्हणाली होती, 'हो' नाही, आणि सगळ्यांना सोयीचं तेवढंच ऐकायची दादाची सवय आता बंद झाली पाहिजे. दादा म्हणाला, मग तूही कधीतरी वाक्य पूर्ण कर.

यानंतर सगळं शहाण्यासारखं पार पडलं असतं तर बरं झालं असतं. पण पुढचा दीड तास भांडणच चाललं. न्हाणीघरात धरायला दांडा बसवायचा, हे बाबांना मान्य. पण तो मीच बसवणार, तुमच्या माणसाला भिंतीत भोक पाडता येत नाही. दादा म्हणाला, तुम्ही स्टुलावर चढायचं नाही. बाबा म्हणाले, दांडा कमरेएवढ्या उंचीवर असतो, स्टूल कशाला लागतं? सकाळी स्वयंपाकाला बाई ठेवायची, हे त्यांनी कुरकुरत कबूल केलं. गळ्यात घालायचं धोक्याचं बटण मात्र साफ नाकारलं. मी गाय आहे का, गळ्यात घंटा बांधायला? आंघोळीला आतून कडी लावायची नाही, यावर धाकटी अडून बसली आणि बाबा पहिल्यांदाच लाजले. शेजाऱ्यांकडे एक किल्ली राहणार, हे ठरलं. कुठल्या शेजाऱ्यांकडे, हे ठरलं नाही. डावीकडचे फार बोलतात आणि उजवीकडच्यांशी आईचं कधी पटलं नव्हतं. शेवटी वहिनींनी दिवे बंद करायची धमकी दिली, तेव्हा सगळे उठले.

रविवारी फोटो दहाऐवजी पावणेअकराला निघाला, कारण धाकटीचे केस वाळत नव्हते. तीन वेळा काढला. एकात छकुली पाठमोरी, एकात दादाचे डोळे मिटलेले, तिसऱ्यात सगळे कॅमेऱ्याकडे बघत होते, पण प्रत्येकाच्या कपाळावर आठी होती. तोच चांगला ठरला. दादानं बाबांना हळूच विचारलं, आता काही बोलणार का? बाबा म्हणाले, "काल बोललो की."

निघायच्या वेळी मधलीनं आपल्या गाडीत बाबांसाठी पुढची खुर्ची मागे सरकवली, पाठीला उशी लावली, त्यांची पिशवी हाताशी ठेवली, पाण्याची बाटली भरून आणली. आणि वळून पाहते तो बाबा दादाच्या गाडीत पुढे बसून पट्टा लावत होते. वहिनी निमूटपणे मागे बसल्या होत्या.

ती खिडकीपाशी गेली. तिनं विचारलं की हे कधी ठरलं, माझी गाडी तयार आहे, पिशवी माझ्याकडे आहे.

"पिशवी दे," बाबा म्हणाले. "मी याच्याबरोबर जातो. त्याला अजून बरंच बोलायचंय. दोन तास बोलू दे."

दादा स्टिअरिंगवर हात ठेवून सरळ समोर पाहत होता. मधलीनं पिशवी आणून दिली. उशीही दिली. आपल्याला कुणी आधी काही का सांगत नाही, असं तिला विचारायचं होतं, पण गाडी सुरू झाली होती. तेवढ्यात धाकटी आपली मोठी बॅग ओढत आली आणि म्हणाली, "ताई, मला विमानतळावर सोडशील ना? पाठ फार दुखतेय." विमानतळ म्हणजे तासाभराचा फेरा होता.

"बस," मधली म्हणाली. "बॅग मी उचलणार नाही."

अर्ध्या तासानं, मोठ्या रस्त्याला लागायच्या आधीच्या सिग्नलवर, दादाची गाडी त्यांना पुढे दिसली. मागच्या काचेतून दादाचा डावा हात दिसत होता. तो एकसारखा वर-खाली होत होता, मध्येच बोटं मोजत होता. शेजारी बाबांचं पांढरं डोकं उशीला टेकलेलं होतं आणि थोड्या थोड्या वेळानं हलत होतं.

"पटतंय वाटतं त्यांना," धाकटी म्हणाली.

मधलीनं मान पुढे काढून पाहिलं. बाबा मान डोलावत होते की डुलक्या घेत होते, ते मागून कळत नव्हतं. सिग्नल सुटला, दादाची गाडी जागची हलली नाही, आणि मधलीनं जोरात हॉर्न वाजवला.